मानमोडीचं साल

आमच्या आजोबांची जन्मतारीख १ जून १९१८. ज्यांच्या घरात त्या पिढीतलं कोणी शाळेत गेलं असेल त्यांना आत्ताच हसू आलं असेल, कारण १ जून ही अर्ध्या महाराष्ट्राची जन्मतारीख आहे. पोराला शाळेत घालायला आणलं की मास्तर विचारणार, जन्म कधीचा? आणणारा सांगणार, पेरण्या चालू होत्या तेव्हाचा. मास्तर लिहिणार, १ जून. झालं. आजोबांच्या बाबतीत मात्र ही तारीख चुकून खऱ्याच्या बरीच जवळ गेली असावी, असं मला आता वाटतं. ते कसं, ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

सुरुवात झाली पुतणीच्या जात पडताळणीपासून. ज्यांनी हे प्रकरण केलंय त्यांना सांगायला नको. ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो आणि तो जितका जुना तितका बरा. आम्ही कुणबी. आजोबांची पत्र्याची पेटी माळ्यावर होती, ती खाली काढली. आत रेल्वेचे कागद (आजोबा खर्डीला गँगमन होते, जीआयपीत लागले आणि मध्य रेल्वेतून निवृत्त झाले), पेन्शनचं पुस्तक, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. शाळा शहापूर तालुक्यातली. पालक म्हणून नाव मामाचं. बापाचं नाव फक्त मुलाच्या नावाच्या पुढे, बाकी कुठेच नाही.

म्हणजे आमचं मूळ गाव मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे, आणि आम्ही सगळे वाढलो शहापूरकडे. असं का, हे लहानपणी विचारलं की एकच गोष्ट सांगितली जायची. ती अशी.

पणजी बाळंतपणाला माहेरी आली होती, शहापूरकडे. मुलगा झाला. दसऱ्याच्या दिवशी ती बाळ घेऊन सासरी गेली, आणि आठवड्याच्या आत पणजोबा तापाने गेले. सासूने तिला पांढऱ्या पायाची ठरवलं. माहेरून ताप घेऊन आली आणि माझा लेक खाल्ला, असं म्हणाली. मग पणजीने पोर उचललं आणि माहेर गाठलं, ती परत त्या गावात पाऊल ठेवलंच नाही. आजोबा मामाकडे वाढले.

मुरबाडच्या घरातही हीच गोष्ट सांगतात, फक्त सांगण्याची बाजू वेगळी. दोन्हीकडच्या लग्नांत जाणं-येणं असतं, नाही असं नाही. पण आहेर करून जेवून परत. मुक्काम नाही.

पणजीला मी पाहिलेलं नाही. बाबांना ती आठवते. बाबा सांगतात, ती कुणाच्या हळदीला पुढे यायची नाही, कुणी बाहेर निघालं की आपणहून मागच्या दाराला जायची. आडवी यायला नको म्हणून. नवरा गेला तेव्हा ती विशीचीही नसेल, आणि पुढची पन्नासेक वर्षं ती अशी मागच्या दाराने जगली.

असो. तर पुरावा. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची सरकारी मोहीम निघाली, न्यायमूर्ती शिंदे समितीची, ती सगळ्यांना आठवत असेल. आरक्षणाच्या त्या वादात मी इथे पडत नाही. पण त्या निमित्ताने राज्यभर तहसील कचेऱ्यांतली वर्षानुवर्षं न सोडलेली बासनं सुटली, हे मात्र खरं. त्यात एक कागद असतो, गाव नमुना १४. जुन्या काळी गावच्या जन्ममृत्यूंची नोंद यात होत असे. कोण जन्मलं, कोण मेलं, बापाचं नाव, जात, वय, आणि मेलं असेल तर कशाने. सगळं मोडीत.

मोडी मला येत नाही. आमच्या ओळखीतले एक निवृत्त गुरुजी वाचतात, त्यांच्याकडे प्रती घेऊन गेलो. आम्हाला हवा होता फक्त एक माणूस, पणजोबा, आणि त्यांच्या नावापुढची जात. गुरुजींनी १९१८ ची पानं पुढे ओढली आणि वाचायला लागले. वर्षाच्या सुरुवातीची पानं रिकामी रिकामी होती. लहानसं गाव, महिन्यात एखादा जन्म, एखादं मरण. सप्टेंबर संपत आला आणि पान भरलं. मग पुढचं पान. मग त्याच्या पुढचं. गुरुजी कारणाच्या रकान्यावरून बोट खाली नेत होते. ताप. ताप. ताप. थोड्या वेळाने लिहिणाऱ्याने ताप हा शब्द लिहिणंसुद्धा सोडलेलं दिसलं, नुसतं ‘सदर’. पुढे एका ठिकाणी अक्षरच बदललं, दुसऱ्याच कुणाचा तरी हात.

गुरुजी चष्मा काढून म्हणाले, "मानमोडी."

हा शब्द मी ऐकलेला होता, पण शिवी म्हणून! कुणी कामाच्या वेळेला आडवं पडलं की आमची आजी म्हणायची, "मानमोडी आली का रे तुला?" मला वाटायचं, मान मोडून झोपणं. ते एका साथीचं नाव आहे आणि माझ्या घरातल्या निम्म्या दुःखाचंही तेच नाव आहे, हे मला पन्नाशीत कळलं.

पुस्तकात जिला स्पॅनिश फ्लू म्हणतात, तीच ही साथ. १९१८ च्या जूनमध्ये ती मुंबईत दिसली. आधी आजारी पडलेल्यांत गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई होते. पहिली लाट तशी सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली ती मात्र माणसं न्यायलाच आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसं दगावली. गिरण्यांतली, गोदीतली माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली. कल्याण, आसनगाव, खर्डी, कसारा... रेल्वे होतीच. तापही त्याच गाडीने आला.

त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. आपल्याकडे भात म्हणजे सगळं, आणि देशभर तो फार मोठ्या अवर्षणाचा हंगाम ठरला. महायुद्धामुळे धान्य आधीच महाग. पोटात अन्न नाही आणि अंगात ताप. देशात मेलेल्यांचे जे अंदाज अभ्यासकांनी केलेत ते सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९२१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली. असं आपल्या जनगणनेच्या इतिहासात तेवढं एकदाच झालं.

आणि हे अंदाज का करावे लागले, तर त्याचं उत्तर त्या वहीत आहे. मरणाच्या कारणांची ठरलेली नावं होती. पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, इजा वगैरे. इन्फ्लुएन्झाला स्वतःचा रकाना नव्हता. मानमोडी हे गावाचं नाव, ते सरकारी कागदावर कसं येणार? मग सगळी माणसं गेली ‘तापा’त. नंतर अधिकाऱ्यांनी आधीच्या वर्षांची सरासरी काढली, तापाची मरणं नेहमीपेक्षा किती जास्त झाली ते पाहिलं आणि ती फ्लूची धरली.

आणखी एक गोष्ट. ताप एरवी म्हातारे आणि तान्ही पोरं नेतो. ही साथ जगभर उलटी वागली, धडधाकट विशी-तिशीतली माणसं जास्त गेली. गुरुजी वयाचा रकाना वाचत होते आणि मी ऐकत होतो. बावीस. तीस. अठरा. सव्वीस.

पणजोबा सापडले. १९ ऑक्टोबर १९१८, वय सव्वीस, जात कुणबी, कारण ‘सदर’. आमचं काम झालं होतं. मी प्रत गुंडाळायला लागलो तर गुरुजी म्हणाले, "थांबा. याच बापाचा मुलगा मागच्या पानावरही आहे."

५ ऑक्टोबर १९१८. बापाचं नाव तेच, आडनाव तेच. वय पंधरा. ताप.

पणजोबांना एक मोठा भाऊ होता, हे आम्हाला ठाऊक होतं. मुरबाडचं घर त्यांचंच. धाकटा भाऊ होता हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना नाही, आत्यांना नाही. नात्याने तो माझा चुलत पणजोबा. वय पंधरा! जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललेला ती माझी पुतणी सतरा वर्षांची. चुलत खापरपणजोबा आपल्याहून दोन वर्षांनी लहान, म्हटल्यावर ती आधी हसली आणि मग गप्प झाली.

तो कसा विसरला गेला, याचं कारण नंतर सुचलं, आणि ते साधं आहे. आपल्याकडचे घरातले जुने कागद म्हणजे बहुतेक जमिनीचे कागद. सातबारा, फेरफार, वारस. ज्याच्या मागे वारस त्याचं नाव पुढच्या कागदावर चढतं. पंधरा वर्षांच्या पोराला ना बायको, ना मूल, ना नावावर गुंठा. त्याच्यासाठी कोण फेरफार घालणार? मेलेल्याच्या वहीत त्याची एक ओळ, बाकी तो कुठेच नाही.

घरी येऊन कॅलेंडरचा हिशोब मांडला. १९१८ साली दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, म्हणजे दसरा ऑक्टोबरच्या मध्यावर. पोरगा गेला ५ ऑक्टोबरला, सर्वपित्रीच्या सुमारास. बोटं मोजा. त्याचा दहावा येतो दसऱ्याच्या अंगावरच.

पणजी दसऱ्याला सासरी गेली, एवढं दोन्ही घरांत शंभर वर्षं सांगितलं जातंय. का गेली, ते कोणी सांगत नव्हतं. ती सणाला गेली नव्हती. घरात सुतक असताना सण कसला? ती दिराच्या दिवसांना गेली होती, असं मला तरी वाटतं. चार महिन्यांचं बाळ घेऊन, सगळीकडे माणसं मरत असताना, किन्हवलीवरून सरळगावच्या वाटेने. आणि ती उंबऱ्यात पोचण्याआधी ताप त्या घरातला एक मुलगा घेऊन गेलेला होता. तिने काही आणलेलं नव्हतं.

खरं सांगतो, त्या रात्री मला खापरपणजीचा भयंकर राग आला. तिला तर ठाऊक होतं! धाकटा कधी गेला ते आईला ठाऊक नसेल?

राग दोन दिवस टिकला. मग वाटलं, चौदा दिवसांत दोन मुलगे. गावात डॉक्टर नाही, औषध नाही, भगताच्या अंगाऱ्याने कोणी उठत नाही. रोज एक तरी तिरडी निघते. हे का झालं, हे तिला कोण सांगणार होतं? साहेबाच्या वहीतसुद्धा ‘ताप’ यापलीकडे उत्तर नव्हतं. मेलेला मुलगा परत मागता येत नाही, पण दोष कुणाला तरी देता येतो, आणि दारात परक्या घरची पोर उभी होती. मी तिला माफ करतोय असं नाही, तो हक्क पणजीचा. पण ती कैदाशीण नव्हती, एवढं मला आता दिसतं.

पुढचा कागद फेरफाराचा. तो देवनागरीत होता, म्हणून मला स्वतःला वाचता आला. पणजोबांच्या हिश्शाला वारस लागला तो १९२२ साली. वारस मुलगा, अज्ञान. आणि त्याच्यापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, आणि मग तिचं नाव. सगळ्या कागदांत मिळून पणजीचं नाव येतं ते एवढ्याच ठिकाणी. ते इथे लिहीत नाही, घरातल्यांना ठाऊक आहे. वर्दी देणारी म्हणूनही तीच. शेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा.

म्हणजे ‘परत त्या गावात पाऊल ठेवलंच नाही’ हेही खरं नाही. चार वर्षांनी ती गेली होती. ज्या गावाने पांढऱ्या पायाची म्हटलं त्याच गावच्या चावडीत ती चालत गेली, माझ्या पोराचं नाव लावा म्हणाली, आणि अंगठा उठवून आली. कुणी सोबत होतं का, जाऊबाईने पाणी विचारलं का, हे कागद सांगत नाही.

इथे मुरबाडच्या मंडळींची माफी मागून एक लिहितो, कारण लिहिलं नाही तर हिशोब अर्धा राहील. पांढऱ्या पायाची ही गोष्ट शंभर वर्षं टिकली त्यात दुःखाइतकाच त्या फेरफाराचाही वाटा असावा. नुसती विधवा सून विसरता येते. पोराचा हिस्सा मागणारी सून विसरली जात नाही.

पणजोबांना लिहिता येत नव्हतं, सिद्धगडासारखं त्यांचं नाव कोणत्या दगडावर नाही. आमच्या तालुक्याचा इतिहास म्हटला की सिद्धगड येतोच. २ जानेवारी १९४३ ला तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, दरवर्षी त्या दिवशी माणसं तिथे जातात, आणि जायलाच हवं. पण मानमोडीत गेलेल्यांचा दिवस कुठे असतो? माझ्या माहितीत तरी एवढी माणसं एवढ्या गुपचूप कधी विसरली गेली नाहीत. आपल्याच घरातली असून.

कागदांच्या प्रती घेऊन मुरबाडला गेलो. तात्या म्हणजे तिथले माझे चुलते, पंचाहत्तरी ओलांडलेले. पडवीत बसवलं, चहा आला. मी सगळं एका दमात सांगितलं. तात्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला. मोडी त्यांनाही येत नाही.

"ती बाय पायगुणाची नव्हती, असंच आयकत आलो आम्ही," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, दुखावले. तर म्हणाले, "आपल्या हितं दसऱ्याला सोनं लुटत नाय, तुला म्हाईत हाय ना?"

मला माहीत नव्हतं. मी दसऱ्याला त्या घरी कधी गेलोच नव्हतो.

"माझी आजी सांगं, सासूनं बंद केलं. आपट्याचं पान घरात आणायचं नाय. का, तर त्या दिवशी ती आली." त्यांनी कागदावरच्या ५ ऑक्टोबरच्या ओळीवर बोट ठेवलं, म्हणजे मी दाखवली होती तिथे. "मंग हा याच्या दिवसांचा दसरा असंल."

मला हे सुचलंच नव्हतं. सुतकात सण मोडला की तो तसाच मोडलेला राहतो, हे आपण सगळ्यांच्या घरी पाहिलंय. पुढे त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली तरच तो परत सुरू होतो. शंभर वर्षं ते घर दसऱ्याला त्या पंधरा वर्षांच्या पोराचं सुतक पाळत होतं. पोरगा विसरला, सुतक राहिलं, आणि त्याचं कारण म्हणून पणजी तेवढी उरली.

अर्थात ही आमची जुळवाजुळव आहे. खापरपणजीच्या मनात काय होतं ते तिच्याबरोबर गेलं. तरी तारखा तारखाच असतात.

निघताना तात्यांनी विचारलं, पोराचं नाव काय म्हणालास? मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

पुतणीला प्रमाणपत्र मिळालं, कॉलेज सुरू झालं. यंदाच्या सर्वपित्रीला बाबांनी पणजोबांच्या पानाशेजारी आणखी एक पान वाढलं. आईने विचारलं, याला काय आवडायचं? कोणाला ठाऊक असणार? मग पंधरा वर्षांच्या पोराला जे आवडेल ते, म्हणून एक लाडू जास्त ठेवला.

दसऱ्याला संध्याकाळी तात्यांचा फोन आला. ते फोनवर कधीच जास्त बोलत नाहीत. म्हणाले, "पान आणलं रे. देवापुढं ठेवलंय. वाटलं नाय कुणाला अजून." मी विचारलं, मी येऊ का? तर म्हणाले, "ये की. आता मुक्कामालाच ये."

आमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर अजून अशी पेटी असेल तर कृपा करून रद्दीत घालू नका. आणि उघडाल तेव्हा ज्याला शोधताय त्याच्या मागचं पानही एकदा वाचून घ्या.